आजोबांचं नाव आणि पडलेलं सरकार : आयान हिर्सी अली यांच्या नागरिकत्वाचं प्रकरण नेमकं काय होतं?

अमेरिकेच्या खासदार इल्हान उमर यांच्यावरचा एक जुना आरोप दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येतो. "कागदपत्रांसाठी सख्ख्या भावाशी लग्न केलं" असा तो आरोप. आपल्या ग्रुपांवर त्याला एकच उत्तर ठरलेलं असतं : मुसलमान आहे, हिजाब घालते, म्हणून बदनामी चाललीय. दुसऱ्या ग्रुपांवरही उत्तर ठरलेलं असतं : बघा, हे लोक असेच. दोन्हीकडे मेसेज पूर्ण वाचण्याआधीच अंगठा पुढे ढकलण्याच्या बटणावर असतो.

आमच्या वाचकांनी याबद्दल विचारलं, तेव्हा आम्हाला आधी आठवलं ते इल्हान उमर यांचं नाही, दुसऱ्याच एका बाईंचं प्रकरण. त्याही सोमालियात जन्मलेल्या, निर्वासित म्हणून परदेशी गेलेल्या आणि तिथे खासदार झालेल्या. फरक इतकाच, की त्यांचं नाव काढलं की आपल्या घरांत कपाळावर आठ्या पडतात. त्या म्हणजे आयान हिर्सी अली. आणि त्यांच्या बाबतीत खोटं बोलल्याचा आरोप हवेतला नव्हता, त्यांनी तो स्वतः मान्य केला होता. हे प्रकरण आधी समजून घेतलं, तर उमर यांच्यावरच्या आरोपाकडे कसं पाहायचं, हेही समजायला सोपं जाईल.

नैरोबीहून नेदरलँड्सपर्यंत

आयान यांचा जन्म १९६९ चा, मोगादिशूचा. वडील हिर्सी मागान हे सोमालियाचे हुकूमशहा सियाद बर्रे यांच्या विरोधातले मोठे नेते. त्यामुळे घरादाराला देश सोडावा लागला. सौदी अरेबिया, इथिओपिया आणि शेवटी केनिया. नैरोबीत त्यांचं शिक्षण झालं, तारुण्य तिथेच गेलं.

१९९२ मध्ये कॅनडात राहणाऱ्या एका नातलगाशी त्यांचा विवाह ठरला. कॅनडाला जाताना वाटेत जर्मनीत मुक्काम होता. तिथून त्यांनी रेल्वे पकडली आणि नेदरलँड्स गाठलं. तिथे आश्रयाचा अर्ज केला. अर्जात तीन गोष्टी खऱ्या नव्हत्या. नाव आयान हिर्सी मागान ऐवजी आयान हिर्सी अली लिहिलं. जन्मवर्ष १९६९ ऐवजी १९६७ दिलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण सोमालियातल्या यादवी युद्धातून पळून आलो असं सांगितलं, केनियातली सगळी वर्षं लपवली.

या तिसऱ्या गोष्टीचं वजन समजून घ्यायला हवं. सोमालियात तेव्हा खरोखरच कत्तली चालू होत्या, आणि तिथून थेट आलेल्या माणसाला आश्रय मिळणं सोपं होतं. पण जो माणूस आधीच दुसऱ्या देशात सुरक्षित राहतोय, त्याला 'तू तिथेच राहा' असं अधिकारी म्हणू शकतात. केनिया लपवण्याचं कारण हे होतं. नाव बदलण्याचं कारण आयान यांनी वेगळं दिलं : मनाविरुद्धच्या लग्नातून आपण पळालो होतो, घरच्यांना आपला पत्ता लागू नये म्हणून.

त्यांना काही आठवड्यांतच आश्रय मिळाला. १९९७ मध्ये नागरिकत्व मिळालं. लायडन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकल्या, आधी मजूर पक्षाच्या अभ्यासकेंद्रात काम केलं, मग उजव्या बाजूच्या व्हीव्हीडी पक्षात गेल्या आणि जानेवारी २००३ च्या निवडणुकीत संसदेत पोहोचल्या.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २००४ मध्ये त्यांनी लिहिलेला 'सबमिशन' हा छोटा चित्रपट दाखवला गेला. त्यात स्त्रीच्या उघड्या अंगावर कुरआनच्या आयती लिहिलेल्या होत्या. जगभरचे मुसलमान दुखावले गेले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला दिग्दर्शक थिओ व्हान गॉग यांचा ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यावर खून झाला आणि प्रेतावर आयान यांना धमकीचं पत्र खोचलेलं सापडलं. तो खून होता, त्याला आमच्याकडे दुसरा शब्द नाही. त्यानंतर आयान कायम पोलीस पहाऱ्यात राहिल्या. इतक्या, की २००६ च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्यांनी कोर्टातून आदेश आणला : यांच्यामुळे आमच्या जिवाला धोका आहे, यांनी इमारत सोडावी.

मे २००६ : चार दिवसांत नागरिकत्व गेलं

११ मे २००६ ला 'झेम्ब्ला' या डच दूरचित्रवाणी कार्यक्रमाने आयान यांच्यावर एक भाग दाखवला. पत्रकार केनियापर्यंत जाऊन आले होते. नातेवाईक कॅमेऱ्यासमोर बोलले : मुलगी युद्धातून पळालेली नव्हती, लग्नही जबरदस्तीचं नव्हतं. लग्नाबद्दलचं म्हणणं आयान यांनी फेटाळलं. नाव, जन्मतारीख आणि केनियाबद्दल मात्र त्या म्हणाल्या, की हे खोटं होतं आणि हे मी पूर्वीच सांगितलेलं आहे.

ते खरंही होतं. २००२ पासूनच्या मुलाखतींत त्यांनी ही कबुली दिली होती आणि पक्षालाही ती ठाऊक होती. मग चार वर्षांनी एकदम स्फोट का झाला?

त्याचं उत्तर त्यांच्याच पक्षाच्या मंत्री रिटा फर्डोंक यांच्यापाशी येऊन थांबतं. परदेशी नागरिक आणि एकात्मीकरण हे त्यांचं खातं. 'नियम म्हणजे नियम' ही त्यांची ओळख. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोसोवोहून आलेल्या एका शाळकरी मुलीला शेवटच्या परीक्षेपुरतंही देशात थांबू द्यायला त्यांनी नकार दिला होता, कारण तिने नियम मोडला होता. आयान यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की त्या मुलीसाठी रदबदली करताना आपण फर्डोंक यांना म्हणालो होतो, खोटं तर मीही बोलले होते.

त्यात मे महिन्यात व्हीव्हीडी पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक चालू होती. फर्डोंक स्वतः उमेदवार होत्या. समोर होते मार्क रुटे, तेच पुढे दीर्घकाळ पंतप्रधान राहिलेले. कडक बाई म्हणून मतं मागणाऱ्या मंत्र्याला विरोधकांनी संसदेतच विचारलं : कोसोवोच्या मुलीला एक नियम आणि तुमच्या मैत्रिणीला दुसरा का? आता माघार घ्यायला जागाच उरली नव्हती.

१५ मे ला फर्डोंक यांचं पत्र आलं. आधार होता डच सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००५ च्या एका निकालाचा. त्याचा अर्थ साध्या शब्दांत असा : खोट्या नावाने नागरिकत्व घेतलं असेल, तर ते 'काढून घ्यायची' गरजच नाही. ते त्या माणसाला कधी मिळालंच नव्हतं असं समजायचं, कारण ज्या नावाला दिलं ते माणूस अस्तित्वातच नाही. म्हणजे नऊ वर्षांचा पासपोर्ट, तीन वर्षांची खासदारकी, संसदेत दिलेली मतं, हे सगळं एका अशा बाईचं, जी कागदोपत्री डच कधी नव्हतीच. उत्तर द्यायला त्यांना सहा आठवडे दिले गेले. आयान यांनी दुसऱ्याच दिवशी खासदारकी सोडली.

कार्यक्रम ११ ला, पत्र १५ ला. मधे ना सुनावणी, ना न्यायाधीश. आम्ही इथे जरा थांबतो, कारण त्या आठवड्यात अनेक मुसलमान घरांत समाधान व्यक्त झालं होतं. 'आमच्या दीनची बदनामी करून मोठी झाली, शेवटी खोटेपणा उघडा पडला.' ही भावना आम्हाला समजते. पण युरोपात निर्वासित म्हणून गेलेल्या सोमाली, इराकी, अफगाणी कुटुंबांचं काय? जीव वाचवताना नाव, गाव, तारीख यात काही ना काही लपवलेलं, चुकलेलं, एजंटने पढवलेलं असं किती घरांत असेल! प्रसिद्ध खासदाराचं नागरिकत्व एका पत्राने जाऊ शकत असेल, तर त्या घरांना पत्राचीही गरज नव्हती. त्यांच्यासाठी संसदेत रात्रभर चर्चाही झाली नसती. आयान यांच्यासाठी ती झाली.

आजोबांमुळे वाचल्या

१६ मे च्या त्या रात्रभराच्या चर्चेत संसदेने मंत्र्यांना फेरविचार करायला लावलं. मग वकिलांनी शोध सुरू केला तो सोमाली नावांचा.

सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, अशी साखळी असते. लग्नानंतर बायका नाव बदलत नाहीत. आयान, वडील हिर्सी, आजोबा मागान. आता 'अली' कुठून आलं? तर आजोबांचं मूळ नाव अलीच होतं, 'मागान' हे नाव त्यांना नंतर पडलं. सोमाली कायद्याप्रमाणे नातीला आजोबांचं मूळ नाव लावण्याचा हक्क आहे असं निघालं. म्हणजे 'आयान हिर्सी अली' हे नाव खोटं नव्हतंच. आणि नाव खोटं नाही, तर नोव्हेंबर २००५ च्या निकालाचा मुद्दाच गळून पडतो. २७ जून ला फर्डोंक यांनी जाहीर केलं, की आयान डच नागरिक होत्या आणि आहेत.

केनियाचं खोटं तसंच राहिलं. जन्मतारखेचंही राहिलं. पण नागरिकत्व टिकलं ते आजोबांच्या नावावर. कायदा असा चालतो, हे कुणाला पटो न पटो.

आपल्याकडे हे ऐकून कुणी हसू नये. मराठवाड्यात 'शेख अमुक शेख तमुक' असं नाव लिहिण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर शेख पुढे, आधारवर शेख मागे, पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात भलतंच काही. कोकणात आजोबांच्या कागदांवर गावाचं नाव, नातवाच्या कागदांवर आडनाव. आणि जुन्या पिढीची जन्मतारीख काढून बघा : अर्ध्या घराचा जन्म १ जूनचा! शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली ती तारीख कुवेत, मस्कत, लंडनपर्यंत जाऊन पोहोचली आहे. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. पण परक्या देशातल्या टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याला १ जून आणि दुसऱ्या कागदावरची दुसरी तारीख यांतला फरक फसवणूकच वाटू शकतो.

नेदरलँड्सची गोष्ट अजून संपलेली नाही. नागरिकत्व राहिलं, पण त्यासोबत आयान यांच्या सहीचं एक निवेदन होतं. नावाबाबत मंत्र्यांची दिशाभूल आपल्यामुळे झाली, असा त्याचा सूर. २८ जूनच्या चर्चेत खासदारांनी विचारलं, हे निवेदन त्यांनी मनाने दिलं की अट म्हणून? मंत्र्यांना त्या मजकुरासह पुढे काम करता आलं पाहिजे, असं काहीसं पंतप्रधान बाल्केनेंड बोलून गेले आणि गोची झाली. एका बाईचा पासपोर्ट आणि मंत्र्याची अब्रू, असा सौदा झाल्याचा अर्थ निघाला. फर्डोंक यांच्यावर अविश्वास ठराव आला. तो पडला, पण सरकारातल्या डी-६६ या छोट्या मित्रपक्षाने ठरावाच्या बाजूने मत दिलं आणि पाठिंबा काढला. ३० जून २००६ ला सरकार गेलं. चौदा वर्षांपूर्वीच्या एका अर्जावरून.

नंतरचं थोडक्यात. नेतेपदाची निवडणूक रुटे आधीच जिंकले होते, पण नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत फर्डोंक यांना रुटेंपेक्षा जास्त वैयक्तिक मतं पडली. कडकपणा लोकांना आवडला होता. आयान अमेरिकेला गेल्या आणि २०१३ मध्ये तिथल्या नागरिक झाल्या.

आता इल्हान उमर

उमर यांचा जन्मही मोगादिशूचा, १९८२ चा. युद्धात घर सुटलं, केनियाच्या निर्वासित छावणीत चार वर्षं गेली, १९९५ मध्ये कुटुंब अमेरिकेत पोहोचलं. २००० मध्ये त्या नागरिक झाल्या, तेव्हा त्या अठराच्याही नव्हत्या. २०१६ मध्ये मिनेसोटा राज्याच्या विधानसभेवर आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय संसदेवर निवडून आल्या. रशीदा तलैब आणि त्या, अमेरिकी संसदेतल्या पहिल्या दोन मुसलमान महिला.

आरोप २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला, पक्षांतर्गत निवडणूक जिंकल्या जिंकल्या. त्या तारखांतली भानगड अशी. २००२ मध्ये त्यांनी एकाशी निकाह केला, सरकारी नोंद केली नाही. तो संसार तुटला. २००९ मध्ये दुसऱ्या एका ब्रिटिश नागरिकाशी कायदेशीर लग्न केलं. काही वर्षांत तेही तुटलं, पण कागदावरचा घटस्फोट २०१७ मध्ये झाला. दरम्यान पहिल्या नवऱ्याबरोबर पुन्हा संसार सुरू झाला होता. ज्याच्याशी २००९ चं लग्न झालं तो त्यांचा भाऊ आहे आणि हे लग्न त्याला अमेरिकेत राहता यावं म्हणून केलं, असा आरोप. उमर यांनी तो स्पष्ट शब्दांत फेटाळला आहे. मिनियापोलिसच्या 'स्टार ट्रिब्यून' या मोठ्या वर्तमानपत्राने २०१९ मध्ये कागदपत्रं तपासून सांगितलं, की आरोप पक्का सिद्धही करता येत नाही आणि पक्का खोडताही येत नाही. कोणत्याही न्यायालयात तो सिद्ध झालेला नाही. तरी २०१९ च्या जुलैत ट्रम्प यांच्या सभेत 'हिला परत पाठवा' अशा घोषणा झाल्या.

सिद्ध झालं ते वेगळं आहे, आणि ते आपल्या ग्रुपांवर कुणी टाकत नाही. २०१९ मध्ये मिनेसोटाच्या निवडणूक खर्च मंडळाला असं आढळलं, की उमर यांनी २०१४ आणि २०१५ चं आयकर विवरणपत्र अशा माणसाबरोबर एकत्र भरलं, जो तेव्हा कायद्याने त्यांचा नवरा नव्हता. विवरणपत्र दुरुस्त करण्याचा आणि इतर काही खर्च प्रचारनिधीतून केला म्हणून त्यांना सुमारे साडेतीन हजार डॉलर परत करावे लागले आणि पाचशे डॉलर दंड झाला. ही चूक होती आणि ती त्यांची होती. निकाह एकीकडे, नोंदणी दुसरीकडे, असा घोळ केला की तो कधीतरी कागदावर येतोच. आपल्याकडेही 'निकाह झाला, नोंदणीचं नंतर बघू' म्हणणारी घरं कमी नाहीत. व्हिसाच्या वेळी पळापळ होते.

आणखी एक गोष्ट चर्चेत नेहमी सुटते. क्षणभर धरून चालू, की आरोप खरा आहे. तरी उमर यांचं नागरिकत्व २००० चं आणि लग्न २००९ चं. नऊ वर्षं आधी मिळालेली गोष्ट नऊ वर्षांनंतरच्या खोट्यातून मिळालेली असू शकत नाही. लबाडीचं लग्न हा अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण 'नागरिकत्व काढा आणि परत पाठवा' ही मागणी त्या गुन्ह्यावरून कायद्यात बसत नाही. तिथे नागरिकत्व काढायला सरकारला संघीय न्यायालयात जावं लागतं आणि पुरावा अगदी निःसंदिग्ध असावा लागतो. २०१७ मध्ये बोस्नियातून आलेल्या एका निर्वासित महिलेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की फौजदारी खटल्यात नुसतं खोटं बोललं म्हणून नागरिकत्व जात नाही, त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्याशी संबंध असला पाहिजे.

हाच नियम आयान यांना लावून पाहा. केनिया लपवणं हे आश्रय मिळण्याच्या मुळाशी होतं. तिथे प्रश्न खरोखर गंभीर होता. उमर यांच्या बाबतीत तसा संबंध आरोप करणाऱ्यांनाही जोडता येत नाही. हा फरक आम्ही एक आवडती आणि एक नावडती म्हणून करत नाही, तारखा तसं सांगतात.

आपल्या देशातही

तेलंगणातल्या वेमुलवाड्याचे माजी आमदार चेन्नमनेनी रमेश यांचं प्रकरण पाहा. त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. २००९ मध्ये ते पुन्हा भारतीय नागरिक झाले आणि त्याच वर्षी आमदारही झाले. आक्षेप असा, की अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात राहिल्याची अट त्यांनी पाळली नव्हती आणि त्या काळातला परदेश प्रवास लपवला. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१७ मध्ये आणि न्यायालयाच्या फेऱ्यांनंतर पुन्हा २०१९ मध्ये त्यांचं नागरिकत्व रद्द केलं. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने ते जर्मन नागरिकच असल्याचं मान्य करून त्यांच्यावर तीस लाखांचा खर्च बसवला. या काळात ते चार वेळा निवडून आले होते. हेग शहरात चार दिवस, हैदराबादेत पंधरा वर्षं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम १० इथे लागू होतं. ते नोंदणीने किंवा अर्जाने नागरिक झालेल्यांसाठी आहे, जन्माने नागरिक असलेल्यांसाठी नाही. नोटीस आणि बाजू मांडायची संधी त्यात द्यावीच लागते.

ज्यांची मुलं-मुली बाहेर आहेत किंवा जाणार आहेत, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. सरकारी अधिकाऱ्याला कधी खोटी माहिती दिली होती का, हेही विचारतात. दाखल्यावरचं शेख पुढचं नाव, लग्नाआधीचं नाव, स्पेलिंगचे सगळे प्रकार त्या रकान्यात लिहा. एजंट म्हणेल, 'कशाला गुंता, एकच टाका.' त्याचं ऐकू नका. जन्मतारीख दोन कागदांवर वेगळी असेल, तर जाण्याआधी इथेच दुरुस्त करून घ्या, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा. निकाहनाम्याबरोबर विवाह नोंदणीचा दाखलाही काढून ठेवा.